जुनं ट्राय-अँग इंजिन चवथीच्या देखाव्यात पळवायचंय? मग हे आधी वाचा

गोव्यात जुनी मॉडेल ट्रेन सापडते ती बहुतेक वेळा कुणातरी तारवट्याच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याच्या, ट्रंकेत. बोट इंग्लंडच्या बंदराला लागली की घरच्यांसाठी काहीतरी घ्यायचंच, आणि १९५०-६० च्या काळात त्या काहीतरीत कधी कधी रेल्वेचा सेट असायचा. आमच्या वाड्यावरच्या एका अंकलनी त्यांच्या मुलासाठी असाच आणलेला, मुलगा आता पोर्तुगालला, इंजिन कित्येक वर्षं ट्रंकेतच पडून, आणि घर आवरताना त्यांनी ते माझ्या हातात दिलं, "तूं मोटरी बांदता न्हय, हें मातशें पळय" (तू मोटरी बांधतोस ना, हे जरा बघ). मी फोंड्यात पंपाच्या, मिक्सरच्या, पंख्याच्या मोटरी रिवाइंड करतो, त्यामुळे मोटर छोटी असो नाहीतर मोठी, उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यानंतर अशी आणखी चार-पाच इंजिनं हाताखालून गेली, त्यातून जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय.

माझं इंजिन म्हणजे ट्राय-अँग या जुन्या इंग्लिश खेळण्यांच्या कंपनीचं जिंटी, नंबर आर ५२, १९५३ पासून बनायला लागलेलं. सहा चाकं, वर काळी प्लास्टिकची बॉडी, आणि बाजूला ४७६०६ असा नंबर. खरं जिंटी म्हणजे इंग्लंडच्या एलएमएस रेल्वेचं शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे हलवायचं, इंजिन, १९२४ ते १९३१ मध्ये अशी ४२२ बांधली होती. मॉडेल ओओ स्केलचं, म्हणजे एक फुटाला ४ मिमी, रुळाची रुंदी १६.५ मिमी, चालतं १२ व्होल्ट डीसीवर. आत जी मोटर आहे तिचं नाव एक्स ०४. ट्राय-अँगने हीच मोटर कित्येक इंजिनांत घातली, त्यामुळे तुमच्याकडे जिंटी नसून दुसरं काही असलं तरी खालचं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही मोटर उघडी आहे, सगळे पार्ट डोळ्यांना दिसतात, प्रत्येक पार्ट सुटा निघतो आणि सुटा मिळतो, म्हणजे बनवणाऱ्याने ती रिपेअर करायलाच बनवलीय. आजच्या खेळण्यातली बंद डब्यासारखी मोटर गेली की टाकून द्यावी लागते. म्हणून जुनी मोटर काढून चायनीज मोटर बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि नवीन जे काही लावाल ते असं लावा की उद्या काढता आलं पाहिजे, बॉडीला भोक नाही, चासीवर कापाकापी नाही.

पहिल्या दिवशी करंट द्यायचाच नाही

सेटबरोबर जुना ट्रान्सफॉर्मर मिळाला असेल तर तो आधी बाजूला ठेवा आणि प्लगमध्ये अजिबात घालू नका. त्या काळच्या वायरीवरचं रबर आता बिस्किटासारखं तुटतं, आपल्या दमट हवेत तर जास्तच, आणि आत २३० व्होल्ट येतात. शिवाय त्यातल्या बऱ्याच जणांत सेलेनियमचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा पार्ट) असतो, तो जळला तर घाण वास येतो आणि तो धूर नाकात जाणं चांगलं नाही. आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवा, चालवायला नवीन सप्लाय करायचा, तो पुढे सांगतो.

इंजिन हातात घेऊन आधी नुसतं बघा. चाकं हाताने जोर लावून फिरवायची नाहीत, कारण मोटरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, असतो आणि तो गिअरला फिरवतो, उलटं चाकाकडून फिरवायला गेलात तर फिरत नाही आणि जुन्या गिअरचा दात जायचा. बॉडीची खालची कड सरळ आहे का बघा, कारण अगदी सुरुवातीच्या काही बॉड्या सेल्युलोज अॅसिटेटच्या होत्या, त्या वर्षानुवर्षं वाकत जातात आणि गरम पाण्यात घालून सरळ करायला जाल तर आणखी बिघडतात. नंतरच्या पॉलिस्टायरीनच्या, त्या टिकतात. खालची धातूची चासी जस्ताच्या मिश्रधातूची असते, त्यात बारीक केसासारखे तडे किंवा फुगवटा दिसला तर तो धातूतलाच दोष, त्यावर उपाय नाही, दुसरी चासी बघावी लागते. ट्राय-अँगमध्ये मला तरी तसं अजून दिसलेलं नाही.

हत्यारं फार नकोत. घड्याळजीकडे मिळतो तो स्क्रूड्रायव्हरचा सेट, बारीक टोकाचा चिमटा, भिंग, मल्टिमीटर, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल (थोडक्यात आयपीए, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं), कानात घालायचे कापसाचे बड्स, दात कोरायच्या लाकडी काड्या, शिलाई मशीनचं तेल, आणि प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर बॉडीच्या जवळपाससुद्धा नको. मी पहिल्या एका डब्याच्या छपराला थिनर लावलं आणि छप्पर कायमचं पांढरं पडलं, ते अजून तसंच आहे. स्टील वूल म्हणजे भांडी घासायची तारेची घासणीही नको, तिचे बारीक कण मोटरच्या मॅग्नेटला चिकटतात आणि आत शॉर्ट करतात.

उघडताना

खाली पांढरा पंचा किंवा ट्रे ठेवा, स्क्रू उडाला तरी सापडतो. पुढच्या बाजूला खालून एक स्क्रू आहे, तो काढला की बॉडी पुढून थोडी उचलायची आणि मागच्या खाचेतून सोडवायची, जोर लागत असेल तर थांबा, काहीतरी अडकलंय. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. तुम्हाला वाटेल लक्षात राहील, पण मोटर उलटी बसवली तर इंजिन उलट दिशेने धावतं आणि मग सगळं परत खोला.

मोटर चासीला स्क्रूने धरलेली असते. स्क्रू काढताना मोटरखाली कागदाची पातळ पट्टी निघाली तर ती कचरा समजून टाकू नका, वर्म आणि गिअरमधलं अंतर बरोबर यावं म्हणून ती घातलेली असते, एका पुडीत नाव लिहून ठेवा.

आता एक्स ०४ नीट बघा. मागच्या टोकाला दोन कार्बन ब्रश, त्यांना दाबून धरणारी केसांच्या पिनेसारखी एकच तारेची स्प्रिंग. या स्प्रिंगच्या एका टोकावर बारीक नळी घातलेली असते, इन्सुलेशनची. अख्ख्या इंजिनात सगळ्यात महत्त्वाचा पार्ट हाच, आणि हरवतोही हाच. ट्राय-अँगची पद्धत अशी की एका बाजूची चाकं थेट चासीला जोडलेली, म्हणजे चासीत करंट, आणि तिथून स्प्रिंगमार्गे एका ब्रशला. दुसऱ्या बाजूची चाकं इन्सुलेटेड, त्यांना घासणारी पिकअपची, म्हणजे चाकातून करंट घेणारी, पट्टी, तिथून वायर दुसऱ्या ब्रशला. त्या दुसऱ्या ब्रशवर नळी नसेल तर दोन्ही रूळ स्प्रिंगमधूनच जोडले जातात, सरळ शॉर्ट. "इंजिन रुळावर ठेवलं की सप्लायच बंद पडतो" अशी तक्रार आली की मी आधी ही नळी बघतो. नसेल तर बारीक वायरचं इन्सुलेशन सोलून त्याचा ३-४ मिमीचा तुकडा घाला, काम होतं.

दुसरी एक वस्तू, बऱ्याच इंजिनांत पिकअप आणि चासीमध्ये एक छोटा कपॅसिटर लावलेला असतो, त्या काळी टीव्हीवर खरखर येऊ नये म्हणून. इतक्या वर्षांनी तोच शॉर्ट झालेला असू शकतो. एक टोक सोडवून मीटर लावा, कंटिन्युइटी वाजली, म्हणजे मीटरने बीप दिला, तर काढून पुडीत ठेवा.

मोटर साफ करणं आणि मोजणं

स्प्रिंग चिमट्याने अलगद उचला, दुसऱ्या हाताचा अंगठा वर ठेवा नाहीतर ती थेट कपाटाखाली जाते. ब्रश बाहेर येतील. कुठला डावीकडचा कुठला उजवीकडचा ते लक्षात ठेवा, कारण ज्या गोलाईत घासले गेलेत त्याच जागी परत बसले तर स्पार्किंग कमी होतं. ब्रश खूपच झिजले असतील, म्हणजे स्प्रिंग खाली टेकायला आली असेल, तर नवीन मागवा. इंग्लंडमधले जुन्या पार्टांचे दुकानदार पोस्टाने पाठवतात. मिक्सरचा कार्बन घासून बारीक करून बसवायचा मोह मला झाला होता, दुकानात ढीगभर पडलेत, पण २३० व्होल्टसाठी बनवलेला तो कार्बन कडक आणि जास्त रेझिस्टन्सचा असतो, १२ व्होल्टच्या छोट्या मोटरला त्याने ताकद कमी पडते आणि तांबं खरवडलं जातं.

कॉम्युटेटर म्हणजे तांब्याचे तीन तुकडे आणि त्यांच्यामध्ये तीन बारीक फटी. त्या फटींत कार्बनची पूड आणि जुनं तेल मिळून काळा चिखल होतो आणि तोच करंट खातो. बडला आयपीए लावून तांबं पुसा, दांडा हळूहळू फिरवत, बड स्वच्छ निघेपर्यंत. मग लाकडी काडीने फटी कोरा, सुई किंवा ब्लेड वापरू नका, तांब्याच्या कडेला धारदार कंगोरा उभा राहतो आणि नवीन ब्रश आठवड्यात खाऊन टाकतो. तांब्यावर खोल खाच पडलेली असेल तर १२०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा आणि परत पुसा. बस, इतकंच.

आता माझा आवडता भाग. ब्रश बाहेर असतानाच मीटर ओहमवर ठेवून कॉम्युटेटरचे दोन-दोन तुकडे मोजा, एक-दोन, दोन-तीन, तीन-एक. तिन्ही रीडिंग जवळपास सारखी आली तर आर्मेचर (वायर गुंडाळलेला फिरणारा भाग) चांगलं आहे, आनंदाने पुढे जा. एक रीडिंग बाकी दोघांच्या दुप्पट आलं तर त्या दोन तुकड्यांमधली कॉइल तुटलीय, पण घाबरू नका, बहुतेक वेळा वायर आतून तुटलेली नसते, कॉम्युटेटरच्या टोकावरचा जोड सुटलेला असतो आणि भिंगाखाली सोल्डरचा एक बारीक थेंब दिला की परत येतो. एक रीडिंग बाकीच्यांपेक्षा बरंच कमी असेल तर कॉइलमध्ये वेढे शॉर्ट आहेत, अशी मोटर चालते पण पाच मिनिटांत तापते आणि वास मारते. शेवटी प्रत्येक तुकडा आणि मधला दांडा यांच्यात मोजा, तिथे काहीच दिसायला नको.

वाईंडिंग जळालंच असेल तर एक तर सुटं आर्मेचर मागवा नाहीतर रिवाइंड करा, आमच्या धंद्यातल्या कुणालाही जमेल. जुनी वायर सोडवताना वेढे मोजा, जाडी मायक्रोमीटरने घ्या, तिन्ही पोलांवर एकसारखे वेढे आणि एकाच दिशेने. एका पोलावर दहा वेढे कमी-जास्त झाले तर मोटर थरथरते.

आणि मॅग्नेट. तो कारण नसताना बाहेर काढू नका. तो अल्निकोचा आहे, आणि लोखंडी पट्ट्यांच्या मधून बाहेर काढला की अल्निकोची ताकद उतरते, परत बसवलात तरी ती पूर्ण येत नाही. काढायचीच वेळ आली तर निघतानिघताच त्याच्या दोन टोकांवर लोखंडाचा तुकडा आडवा चिकटवून ठेवा.

तेल देताना हात आखडता. दांड्याच्या दोन्ही बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल इतकं शिलाई मशीनचं तेल, तिथे फेल्टचा छोटा तुकडा असेल तर त्यालाही एक थेंब. कॉम्युटेटरला तेल लागता कामा नये. आपल्याकडे घरात कशालाही खोबरेल लावायची सवय, दाराच्या कडीपासून पंख्यापर्यंत, पण इथे नको. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, डिसेंबरातल्या सकाळी आपल्याकडे बाटलीतलं घट्ट होतं ते तुम्ही बघितलंच असेल, आणि वर्षभरात त्याची चिकट वार्निश होते. गिअरला मात्र पांढरं ग्रीस, तेही दाताच्या टोकांवर पातळसं.

सगळं जोडून मोटर एकटीच टेबलावर धरून १२ व्होल्ट द्या, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये. माझी पहिली मोटर साफ करायच्या आधी ०.८ अँपिअर ओढत होती आणि रडत होती, साफ केल्यावर ०.४ च्या आत आली. अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहिली तर उत्तम. बारीक निळा स्पार्क चालतो, पिवळा आणि चटचट आवाज करणारा असेल तर फटी परत साफ करा.

चाकं आणि पिकअप

चाकं दांड्यावरून काढू नका. सहाही चाकं बाहेरच्या रॉडने जोडलेली असतात आणि एका बाजूचा खिळा दुसऱ्या बाजूच्या मानाने पाव फेरी पुढे-मागे असतो, हे नातं बिघडलं की इंजिन प्रत्येक फेरीला अडखळतं आणि परत जुळवायला एक अख्खा रविवार जातो. साफ करायला सोपी युक्ती आहे. रुळावर आयपीएने भिजवलेला सुती कपडा टाका, इंजिनची अर्धी चाकं कपड्यावर आणि अर्धी रुळावर, करंट द्या आणि इंजिन हाताने धरून ठेवा, चाकं फिरत फिरत स्वतःची काजळी कपड्यावर सोडतात. मग उलटं फिरवून दुसरी बाजू. पण आयपीए जळणारं आहे हे विसरू नका, कपडा ओला ठिबकणारा नको, पिळून घ्या, आणि जवळ समई-उदबत्ती नको.

पिकअपची पट्टी चाकाच्या मागच्या बाजूला टेकते, तिथेच मळ साठतो. पुसा, आणि पट्टी अगदी थोडी चाकाकडे वाकवा, इतकी की चाक डावी-उजवीकडे सरकलं तरी स्पर्श सुटू नये, पण ब्रेक लागल्यासारखंही होऊ नये.

एक अडचण इथे येईल. ट्राय-अँगच्या चाकांच्या कडा आजच्यापेक्षा जाड आणि खोल आहेत आणि आतल्या बाजूचं अंतरही कमी, आजच्या ओओ चाकांत ते साधारण १४.४-१४.५ मिमी असतं. त्यामुळे नवीन बारीक रुळांवर, म्हणजे कोड ७५ वर, चाकं स्लीपरवरच्या खिळ्यांना टकटक आपटतात आणि सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या पॉइंटवर, उडी मारतात. कोड १०० चे उंच रूळ घ्या, आणि असे पॉइंट टाळून नुसता गोल किंवा लंबगोल टाका. ट्राय-अँगचे स्वतःचे रूळ असतील तर ते स्टीलचे, आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांबूस होतात. निकेल सिल्व्हरचे नवीन रूळ घेतले की तो त्रास संपला, जुने वाटल्यास फोटोसाठी ठेवा.

आता अपग्रेड, पण क्रमाने

पहिला खर्च सप्लायवर करा. १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अॅडॉप्टर, त्यापुढे डीसी मोटरचा स्पीड कंट्रोलर मॉड्यूल, त्यापुढे एका वायरीत सिरीजमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, मग दिशा बदलायला डीपीडीटी स्विच (सहा पायांचा, दोन्ही वायरी एकदम बदलणारा) आणि शेवटी रूळ. स्विच असा घ्या की मधल्या जागी बंद होतो. मधल्या दोन पायांना रूळ, एका टोकाच्या दोन पायांना सप्लाय, आणि तिथून दुसऱ्या टोकाच्या पायांना फुलीसारख्या क्रॉस वायरी. पळत्या गाडीची दिशा एकदम उलटी करायची नाही, आधी थांबवा.

बल्ब कशाला असं सगळे विचारतात. बल्ब थंड असताना त्याचा रेझिस्टन्स फार कमी असतो, इंजिन नॉर्मल चालतं. डबा घसरून शॉर्ट झाला की बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही, अॅडॉप्टर वाचतो, इंजिनातली बारीक वायर वाचते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलात तरी समजतं काहीतरी झालंय. कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. यापेक्षा चांगला सौदा मला या छंदात दुसरा दिसलेला नाही.

दुसरं अपग्रेड म्हणजे जास्तीचे पिकअप. जुन्या इंजिनात करंट घेणारी चाकं कमी, म्हणून हळू चालवलं की अडखळतं. भंगारातल्या जुन्या रिलेत फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या असतात, त्यातली एक कापून, छोट्या सर्किट बोर्डाच्या तुकड्यावर सोल्डर करून, तो तुकडा चासीच्या खाली दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा आणि उरलेल्या चाकांना टेकवा. टेपने लावलेलं म्हणजे उद्या काढता येतं. त्यात अजून भर घालायची तर मागच्या डब्याच्या चाकांतूनही करंट घेऊन बारीक लवचिक वायरने इंजिनला द्या, रुळावरच्या एखाद्या घाण जागेवर इंजिन अडतच नाही.

तिसरं, वजन. प्लास्टिकची बॉडी हलकी, चार-पाच डबे लावले की चाकं जागीच फिरतात. घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्टेशनवर लहानपणी उभं राहून ज्यांनी घाट चढणाऱ्या गाड्या बघितल्यात त्यांना हे समजवायला नको. वरच्या कॅसलरॉक स्टेशनपर्यंतचा तो चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फुटांत एक फूट, आणि त्यासाठी गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, कारण ताकद कितीही असली तरी चाकाची रुळावर पकड पाहिजे. मॉडेलमध्ये बॉडीच्या आत, चाकांच्या बरोबर वर, लोखंडी नटबोल्टचे तुकडे किंवा गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगला लावतात ते चिकटवायचे वजन लावा, एकाच टोकाला नको नाहीतर दुसरं टोक उचललं जातं. लोखंड मोटरच्या मॅग्नेटपासून लांब. थोडं थोडं वाढवत जा आणि प्रत्येक वेळी करंट मोजा, पाऊण अँपिअरच्या वर गेला की वजन कमी करा.

चौथं, निओडिमियम मॅग्नेट. जुना अल्निको इतक्या वर्षांत मंदावलेला असतो आणि कमजोर मॅग्नेट म्हणजे जास्त करंट, जास्त उष्णता, कमी ताकद. व्हर्नियरने जुन्या मॅग्नेटची मापं घ्या, त्या जागेत बसेल असा निओचा चौकोनी तुकडा किंवा दोन तुकड्यांमध्ये लोखंडाची पट्टी असं करून भरा, उत्तर-दक्षिण दिशा जुन्यासारखीच, नाहीतर इंजिन उलटं जाईल. बसवल्यावर गाडी त्याच व्होल्टेजला आधीपेक्षा सावकाश धावते, करंट कमी घेते आणि जास्त डबे ओढते, शंटिंगच्या इंजिनला शोभतं तसं. फार ताकदीचा घातलात तर दांडा फिरवताना टप्प्याटप्प्याने अडकल्यासारखा वाटतो आणि गाडी धक्क्याने सुटते, मग छोटा तुकडा घ्या. हे मॅग्नेट लहान मुलांच्या हातात पडू देऊ नका, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना खेचतात आणि ते जिवावर बेतू शकतं. मी हे अपग्रेड शेवटी करतो, आणि साफ केल्यावर मोटर अर्ध्या अँपिअरच्या आत आली असेल तर करतच नाही.

पुढचा दिवा हवा असेल तर पांढरा एलईडी, सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक १एन४१४८ डायोड. डायोड घातला नाही तर गाडी मागे जाताना उलटं व्होल्टेज एलईडीवर येतं आणि तो जातो.

डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोलबद्दल बरेच जण विचारतात. एकाच रुळावर दोन-तीन इंजिनं वेगवेगळी चालवायची असतील तरच त्या खर्चात पडा. एक्स ०४ मध्ये मुख्य काम एकच, दोन्ही ब्रश चासीपासून वेगळे करायचे, म्हणजे स्प्रिंगच्या दोन्ही टोकांवर नळी घालायची आणि कपॅसिटर काढायचा. मग डिकोडरची (इंजिनात बसवायचं, डिजिटल सिग्नल वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट) लाल वायर उजव्या रुळाच्या पिकअपला, काळी डाव्या, नारिंगी आणि करडी दोन ब्रशना, पांढरी आणि पिवळी पुढच्या-मागच्या दिव्याला, निळी दिव्यांची कॉमन पॉझिटिव्ह. एक ब्रश जरी चासीला लागलेला राहिला तर डिकोडर पहिल्याच सेकंदाला जळतो, म्हणून जोडायच्या आधी मीटरने प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक चाक यांच्यात तपासा, आवाज यायला नको. डिकोडर घ्यायच्या आधी दांडा क्षणभर धरून मोटर जास्तीत जास्त किती करंट ओढते ते मोजा, त्याहून मोठ्या रेटिंगचाच घ्या.

चवथीच्या देखाव्यात

मखराभोवती गोल टाकायचा तर पहिल्या रेडियसचे वाकडे रूळ घ्या, त्यांची त्रिज्या ३७१ मिमी, आठ तुकड्यांत पूर्ण गोल होतो, डब्यांची बाहेर येणारी बाजू धरून ९० सेमी बाय ९० सेमी जागा सोडा. मोठ्या मखराला मध्ये सरळ रूळ घालून लांबवा आणि करंट दोन ठिकाणी जोडा, नाहीतर लांबच्या टोकाला गाडी मंदावते.

देखाव्यात गाडीला त्रास होतो तो चालण्याने नाही, वर जे आहे त्याने. माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेल्या सजावटीची) पानं-फुलं सुकून रुळावर पडतात, अक्षता पडतात, समईचं तेल आणि धूप-उदबत्तीची काजळी रुळावर पातळ थर बसवते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिन थांबायला लागलं की लोकांना वाटतं मोटर गेली. रोज सकाळी पूजेच्या आधी, दिवे लागायच्या आत, आयपीएच्या कपड्याने रूळ पुसून घ्या. आणि सतत चालवू नका, अर्धा तास चालवलं की दहा मिनिटं विश्रांती, बॉडीवर हात ठेवून बघा, कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर बंद करा. आरतीच्या वेळी तर बंदच ठेवा, गर्दीत पायाखाली वायर येते.

चवथ झाली की गाडी ठेवताना चाकं पुसून कोरडी करा आणि ब्रश तसेच राहू द्या. डांबरगोळ्या पेटीत घालू नका, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि बॉडी चिकट होते. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, निळे खडे गुलाबी झाले की गरम करून परत वापरा. मूळ लाल पुठ्ठ्याची पेटी असेल तर ती जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता, नाहीतर वाळवी इंजिन सोडून पेटीच खाते.

आणि डब्यात एक चिठ्ठी घाला. काय काढलं, काय लावलं, कुठल्या तारखेला, साफ केल्यावर करंट किती आला होता. काढलेला कपॅसिटर, जुना मॅग्नेट त्याच्या लोखंडी तुकड्यासकट, ती कागदाची पट्टी निघाली आणि परत लागली नाही तर तीही, सगळं एकाच पुडीत, त्याच डब्यात. माझ्या डब्यात अंकलचं नाव आणि ती ट्रंक कुठल्या बंदरावरून आली तेही त्यांना विचारून लिहून ठेवलंय.